जुन्या बाजारातील तबकड्या आणि आपला इतिहास

आपल्या चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर मुख्यतः कागद तपासला. 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) यांचे अंक धुंडाळले, परिषदांचे ठराव जमवले. ते आवश्यकच होते. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याचा इतिहास केवळ कागदात सापडेल काय? माझ्या आज्याला वाचता येत नव्हते. बाबासाहेब त्याला कळले ते गाण्यातून. मग तो गाण्याचा आवाज आज कुठे आहे? मला तो पुण्याच्या जुन्या बाजारात सापडत आला आहे. तिथे रविवार-बुधवारी गोणपाटावर गंजलेले पाने, तुटकी घड्याळे मांडलेली असतात. त्यांच्याच शेजारी तबकड्यांची आणि कॅसेटींची रास असते.

मी घोटावड्याचा. घरातला पहिला पदवीधर. कॉलेजात इतिहास शिकवतो. पगार सुरू झाल्यापासून जुन्या रेकॉर्डी आणि कॅसेटी विकत घेऊन साठवतो आहे. सहकारी हसतात. मोबाईलवर सगळे फुकट ऐकायला मिळत असताना हा कचरा कशाला, असे विचारतात. त्यांच्यापेक्षा आईचा प्रश्न मोलाचा होता. पहिली रेकॉर्ड घरी आणली तेव्हा ती म्हणाली, "कुणाचं उतरलेलं घरात आणलंस?"

या 'उतरलेलं' शब्दामागे फार मोठा इतिहास आहे. चांडाळाने मेलेल्याची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला. तरी उतरलेले लुगडे अंगणातून वर टाकण्याची रीत गावोगाव पुढे कितीतरी वर्षे चालूच राहिली. आईने ती पाहिलेली आहे. तिला मी एवढेच सांगितले, की हा आपलाच आवाज आहे. आपल्याच वस्तीतून तो भंगारवाल्याकडे गेला, आता आपण पैसे मोजून परत आणतो आहोत.

पण या तबकड्यांत आपले सगळे काही आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचा आवाज मुद्रित झाला, तेव्हापासून रेकॉर्डचा धंदा भारतात रुजला. पुढची कित्येक दशके तो जवळजवळ एका कंपनीच्या हाती राहिला. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. कंपनी विचार करणार गिऱ्हाइकाचा, म्हणजे ज्याच्या घरी ग्रामोफोन आहे त्याचा! १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव रात्ररात्र चालत होते. तमाशातल्या गण-गवळणीला बाजूला सारून तिथे समाजाच्या स्थितीवर सवाल-जबाब होत. ते सारे तीन मिनिटांत कसे मावणार? आणि ते विकत घेणार कोण? कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक १९७८ साली दिले म्हणून जलशाचा सांगाडा तरी आपल्यापाशी राहिला. बालगंधर्वांचा आवाज मात्र आजही रेकॉर्डवर ऐकता येतो. हा फरक प्रतिभेचा मानायचा की बाजाराचा?

म्हणून तबकडी नुसती ऐकून भागत नाही, शिलालेखासारखी वाचावी लागते. माझ्याकडच्या कित्येक ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या कव्हरांवर लाउडस्पीकरवाल्यांचे रबरी शिक्के आहेत. वस्तीत रेकॉर्ड प्लेअर क्वचितच कुणाच्या घरी असे. लग्नाला, १४ एप्रिलला स्पीकरवाला येई तेव्हाच गाणे ऐकायचे. एकेक तबकडी अशी शेकडो माणसांनी मिळून ऐकलेली आहे. उजेडात ती तिरपी धरली, की जास्त वाजलेली बाजू करडी दिसते. लोकांना कोणते गाणे हवे होते, याचा इतका सरळ पुरावा मला कोणत्याही समीक्षेत मिळालेला नाही. (७८ ची तबकडी स्पिरिटने कधी पुसू नये, ती लाखेची असते, स्पिरिटने लाख विरघळते.)

प्रल्हाद शिंदे (निधन २००४) यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या विठ्ठलाच्या आणि गणपतीच्या गाण्यांच्या रेकॉर्डी सदाशिव पेठेतल्या कपाटांतूनही निघतात, कव्हरासकट, स्वच्छ. त्याच गळ्यातली भीमगीते मला मिळाली ती चरे पडलेली, कव्हर हरवलेली, स्पीकरवाल्यांच्या पेट्यांतली. गायकाची जात ठाऊक नसलेल्या किंवा विसरलेल्या घरांनी त्याची भक्ती स्वीकारली. त्याचा विद्रोह उंबऱ्याबाहेरच राहिला.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि कंपनीची मक्तेदारी मोडली. छोटे निर्माते पुढे आले. दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटी मांडल्या जाऊ लागल्या. कोरी कॅसेट तर कुणालाही परवडे, आपल्या वस्तीतला कार्यक्रम आपणच भरून ठेवता येई. बाजारात जिला सर्वांत कमी भाव, ती बॉलपेनने नाव लिहिलेली कॅसेट मी आधी उचलतो.

अशा कॅसेटवर कवीचे नाव शोधावे लागते. आपल्या गीतकारांची परंपरा आहे, शेवटच्या अंतऱ्यात आपले नाव गुंफण्याची. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) तसेच केले. लेबलवर नाव नसले, 'पारंपरिक' असा शेरा असला, तरी त्या ओळीत कवी उभा असतो. गाणे आखूड करताना नेमका शेवटचा अंतरा गाळला, की कवीच पुसला जातो. मोबाईलवरच्या पुष्कळ भीमगीतांखाली गीतकाराचे नाव नसते, गाणे चढवणाऱ्याचे असते.

नाव जपण्याचे काम कसे करावे, याचा धडा आमच्याच भागात आहे. मुळशी-मावळच्या डोंगरी गावांपासून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक झाल्या. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत, आणि ओवीसोबत गाणारणीचे नाव व गाव नोंदलेले आहे. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळू लागल्या. आपल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या वस्तीतल्या कॅसेटींची अशी यादी केली तर?

मी घोटावड्यापासून सुरुवात केली आहे. माझ्या नोंदवहीत गायक, कवी, ठिकाण, साल आणि 'कुठून मिळाली' असे रकाने आहेत. गावातल्याच एका घराच्या माळ्यावरून आलेल्या कॅसेटवर १४ एप्रिलचा कार्यक्रम आहे. वर्गणीदारांची नावे, मूल रडते ते, ढोलकी पुन्हा लावून घेतलेली, सगळे ऐकू येते. एका बाजूची टेप अर्ध्या तासाची; ती एका गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यातच संपते. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना ते गाणे ऐकवून विचारले. दोघांनी कवीची दोन वेगळी नावे सांगितली. दोन्ही पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत.