पहिला धडा हात धुण्याचा

धनजसारख्या गावातली मुलगी परिचारिका होण्यासाठी शिकायला जाते, तेव्हा घरच्यांना वाटते, आता ती इंजेक्शन द्यायला शिकणार. पण सुरुवातीचे धडे निराळेच असतात: हात धुणे, रुग्णाचे अंथरूण घालणे, नाडी व ताप मोजून नोंदवणे. एवढ्या साध्या गोष्टी का शिकवाव्या लागतात?

१८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये बाळंतिणींचे मृत्यू शेकडा १८ होते. जूनमध्ये ते शेकडा २ झाले. १८६० मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या लंडनमधील शाळेने स्वच्छता आणि निरीक्षण यांना शिक्षणाचा दर्जा दिला.

आपल्याकडे अडचण आणखी एक होती. परक्याची शुश्रूषा, त्याचे मलमूत्र काढणे हे हलके काम मानले जाई. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना, त्यांत विधवांनाही, या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली.

वर्गात आपण मुलांना हात धुवायला सांगतो ते बहुधा शिस्त म्हणून. यापुढे १८ आणि २ हे आकडेही फळ्यावर लिहू या.