हातची संधी आणि आकड्यांची साक्ष

मैदानी खेळांचा इतिहास लिहिणारे बहुधा वीरांचा इतिहास लिहितात. कोणी किती गोल केले, कोणी किती गडी बाद केले, कोणत्या संघाने कोणते अजिंक्यपद किती वेळा जिंकले, याच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. परंतु त्या नोंदींतील आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचाही एक इतिहास आहे. तो रंजक तर आहेच, पण आपल्या मुलाबाळांच्या भवितव्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा थोडा परामर्श घ्यावा, असा या लेखाचा हेतू आहे.

आरंभ आपल्या जबलपूरपासूनच करू. हॉकीतील थोर खेळाडू रूपसिंग यांचा जन्म १९०८ साली याच नगरीत झाला. ध्यानचंदांचे हे धाकटे बंधू. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेचा २४-१ असा पराभव केला. त्यांत रूपसिंगांचे १० आणि ध्यानचंदांचे ८ गोल होते. हा आकडा ऐकून आपली छाती अभिमानाने फुलते, आणि ती फुलावीच. परंतु त्या वर्षी हॉकीच्या स्पर्धेत भारत, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ उतरले होते. अमेरिका दोन्ही सामने हरली, तरी तिला कांस्यपदक मिळाले! आता केवळ पदकांची यादी पाहणाऱ्यास वाटेल की, अमेरिकेचा संघ जगात तिसरा होता. केवळ २४ गोल पाहणाऱ्यास वाटेल की, प्रत्येक प्रतिस्पर्ध्यावर भारत असेच गोल चढवीत असे. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि दोन्ही अनुमाने चुकीची आहेत. रूपसिंगांची थोरवी त्यामुळे तिळमात्र उणी होत नाही. फक्त ती जोखण्यासाठी एका दिवसाचा आकडा पुरेसा नाही, एवढेच सिद्ध होते.

त्याच अमेरिकेत आकड्यांच्या अर्थाचा हा प्रश्न एका वेगळ्याच खेळात फार तीव्रतेने पुढे आला. आपल्यापैकी अनेकांची मुले व नातवंडे आज तिकडे आहेत. सुटीत ती घरी आली की, ज्या 'फुटबॉल'विषयी बोलतात तो आपला फुटबॉल नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता असा तो चेंडू हातात धरून पळावयाचा किंवा फेकावयाचा असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले, तर आणखी चार प्रयत्न मिळतात. मध्येच खेळाडूच्या हातून चेंडू निसटला आणि प्रतिपक्षाने उचलला, अथवा आपल्या गड्यासाठी फेकलेला चेंडू प्रतिपक्षाने वरच्या वर झेलला, तर हातची संधी गेली. आपण किती वेळा चेंडू हिरावला आणि किती वेळा गमावला, यांची वजाबाकी तेथील क्रीडापत्रकार नित्य छापतात. ज्याची वजाबाकी मोठी तो संघ थोर, असा सर्वसाधारण समज आहे.

या समजाला आधार नाही असे नाही. संधी हिरावणारा संघ त्या दिवशी बहुधा जिंकतो. परंतु इतिहास काय सांगतो ते पाहा. १९८३ च्या हंगामात वॉशिंग्टनच्या संघाने ६१ वेळा चेंडू हिरावला आणि अवघा १८ वेळा गमावला. ४३ चे हे अंतर त्या व्यावसायिक संघटनेच्या इतिहासात अपूर्व ठरले. सोळांपैकी चौदा सामने त्यांनी जिंकले. मात्र २२ जानेवारी १९८४ रोजी अंतिम सामन्यात लॉस एंजलिसच्या संघाने त्यांचा ३८-९ असा धुव्वा उडविला. पुढे २०११ च्या हंगामात सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने ३८ वेळा चेंडू हिरावला व फक्त १० वेळा गमावला. चेंडू जपण्याची अशी शिकस्त करणारा हा संघ २२ जानेवारी २०१२ रोजी उपान्त्य सामन्यात न्यूयॉर्ककडून २०-१७ असा हरला, आणि हरला तो दोन वेळा चेंडू हातून निसटल्यामुळेच! त्याच्या पुढच्या हंगामात या संघाचे हे अंतर बरेच घटले. तरीही तो अंतिम सामन्यापर्यंत जाऊन पोचला. म्हणजे वजाबाकी घटली, पण संघ काही खालावला नव्हता.

याचे मर्म अभ्यासकांनी हळूहळू उलगडले. चेंडू खेळाडूच्या हातून निसटावा यांत प्रतिपक्षाच्या जोराचा व कौशल्याचा भाग असतो. परंतु जमिनीवर पडलेला तो निमुळता चेंडू कोणीकडे उसळेल हे कोणालाच सांगता येत नाही. तो आपल्या हाती लागणे हा पुष्कळसा नाणेफेकीचाच प्रकार. ज्या यशात दैवाचा वाटा मोठा, ते पुढच्या वर्षी तसेच टिकत नाही. दुसरे मर्म याहून सूक्ष्म आहे. जो संघ आधीच मागे पडला आहे, त्याला उरलेल्या वेळात लांब लांब चेंडू फेकण्याचे धाडस करणे भाग पडते, आणि त्यामुळे त्याचे चेंडू अधिक झेलले जातात. आपण म्हणतो, चेंडू गमावले म्हणून संघ हरला. पुष्कळदा तो हरत होता म्हणून त्याने चेंडू गमावलेले असतात. कार्य आणि कारण यांची अशी अदलाबदल आकड्यांच्या जगात पदोपदी आढळते.

आता आपल्या घरच्या खेळाकडे वळू. हुतुतू हा आपल्या आळीपाळीतला, आट्यापाट्यांचा सोबती. १९२३ च्या सुमारास बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने त्याला नियमांची चौकट दिली. १९३६ साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तो जगाला दाखविला. १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी तर आपले आयुष्यच या खेळाला वाहिले. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला, आणि २०१४ पासून व्यावसायिक लीगमुळे ती घरोघरच्या दूरदर्शनसंचावर आली.

या खेळाची जुनी रूपे आठवली की, आकड्यांचा अर्थ नियमांवर कसा अवलंबून असतो हे ध्यानात येते. 'अमर' प्रकारात गडी बाद झाला तरी मैदानातच राही. प्रतिपक्षाला फक्त गुण मिळे. 'गामिनी'त बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. 'संजीवनी'त प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होई. आजची कबड्डी या संजीवनीच्याच वाटेने आली आहे. एक गडी बाद करणे ही कृती तिन्ही प्रकारांत एकच. पण तिचे मोल तिन्ही ठिकाणी निराळे. अमरमध्ये तो केवळ एक गुण होता. गामिनीत ते दीर्घकाळाचे नुकसान होते. संजीवनीत ती एकाची हानी आणि दुसऱ्याचे पुनरुज्जीवन अशी दुहेरी घटना आहे.

आजच्या नियमांत चढाई तीस सेकंदांची. चढाई करणाऱ्याची पकड झाली की चाल मोडते, एक गुण जातो, आणि संघाचा मोहरा बाहेर बसतो. अमेरिकन खेळातील हातच्या संधीचे हिरावणे ते हेच. गुणलेखकाच्या तक्त्यावर मात्र प्रत्येक पकड सारखीच दिसते. वस्तुतः मैदानात सातही गडी असताना केलेली पकड एका गुणाची. प्रतिपक्षाचा शेवटचा गडी पकडला तर लोण चढून एकदम तीन गुणांची. आणि आपले तीन वा त्याहून कमी गडी उरले असता केलेली 'अव्वल पकड' दोन गुणांची.

या अव्वल पकडीचेच उदाहरण घ्या. एखाद्या संघाच्या नावावर हंगामात पुष्कळ अव्वल पकडी असल्या की, समालोचक त्याच्या बचावाची वाखाणणी करतात. ती योग्यच आहे. परंतु अव्वल पकडीची संधी मिळण्यासाठी आपले चार गडी आधी बाद व्हावे लागतात! म्हणजे हा आकडा शौर्याची साक्ष देतो, तशीच वारंवार ओढवलेल्या संकटाचीही देतो. त्याचप्रमाणे दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाही तर गडी बाद. त्या चढाईत जो पकडला गेला तो उतावळा होता असे नव्हे. संघाने ते ओझे त्याच्या शिरावर दिले होते. आणि ज्या कोपरारक्षकाची धास्ती घेऊन प्रतिस्पर्धी त्याच्या बाजूला फिरकतच नाहीत, त्याच्या नावापुढे पकडी कमी दिसतील. त्याचे मोठेपण तक्त्यात कुठेच उमटत नाही.

नुसत्या बेरजेने आणखी एक घोटाळा होतो. समजा, एका रक्षकाने तीस वेळा झडप घालून दहा पकडी केल्या, आणि दुसऱ्याने दहा वेळा झडप घालून सहा. बेरजेत पहिला श्रेष्ठ. पण पहिल्याच्या वीस झडपा फसल्या. प्रत्येक फसलेल्या झडपेने प्रतिपक्षाला निदान एक गुण दिला. म्हणजे दहा मिळविले आणि वीस गमावले. दुसऱ्याने सहा मिळविले, चार गमावले. संघाला कोण हवा, हे सांगावयास नको.

आणि एवढे सारे मोजूनही दैवाचा वाटा उरतोच. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत मध्यंतरास इराणपेक्षा १३-२१ असा मागे होता. शेवटी २७-२५ असा जिंकला. दोन गुणांचे अंतर, म्हणजे एका अव्वल पकडीचे मोल! २०१८ साली जकार्त्यात इराणनेच भारताला उपान्त्य फेरीत २७-१८ असे हरविले. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे २८-२८ अशी बरोबरी असता एका चढाईच्या निर्णयावरून सामना बराच वेळ थांबला, आणि अखेर भारताने ३३-२९ असा विजय मिळविला. घोट्यावरून किंचित सुटलेला हात, रेषेला लागलेली टाच, पंचांच्या दृष्टीचा एक क्षण, यांवर सुवर्ण की रौप्य हे ठरते.

फ्रान्सिस गाल्टन याने १८८६ मध्ये आई-वडिलांच्या व मुलांच्या उंचीचा अभ्यास करून दाखविले की, फार उंच आई-वडिलांची मुले उंच असली तरी सरासरीकडे थोडी झुकलेली असतात. खेळातही हाच न्याय लागू पडतो. अपूर्व हंगामानंतरचा हंगाम बहुधा साधा असतो, आणि अत्यंत वाईट हंगामानंतर बहुधा सुधारणा दिसते. तेवढ्याने पहिला आळशी झाला किंवा दुसऱ्याला दटावल्याचा गुण आला, असे ठरत नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी हाच विवेक अन्नाच्या प्रश्नात मांडला. १९५१ पासून सुमारे दोन दशके ते जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहत होते. एकाच माणसाचा आहार दिवसागणिक कमीजास्त होत असतो. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी आहे असे म्हणता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे. त्यावर पुष्कळ वाद झाला. परंतु एका मोजणीवरून माणसाची परीक्षा करू नये, ही त्यातील दृष्टी खेळाच्या मैदानावरही तितकीच मोलाची आहे.

वाचक म्हणतील, या सूक्ष्म विचाराचा आम्हांस उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो थेट घरापर्यंत येतो. रेल्वे, आयुध निर्माणी आणि इतर केंद्रीय कार्यालयांतून खेळाडूंची भरती होते. तेथे प्रमाणपत्र आणि पदक पाहिले जाते, आणि शासकीय नियमांना असे काही ठोस पाहावेच लागते. तीन दिवसांच्या स्पर्धेत एक पकड सुटली म्हणून एखाद्या मुलाचे पदक जाते, आणि पदकाबरोबर नोकरीही. परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांना तर ओळखीचा आधार नसतो. त्यांचे भांडवल म्हणजे त्यांचा तक्ता. नियम बदलणे आपल्या हाती नसेल. पण शाळांचे शिक्षक, मंडळांचे क्रीडाचिटणीस आणि घरातील वडीलधारी मंडळी यांच्या हाती निवाडा निश्चित असतो. एका स्पर्धेवरून मुलाचे नाव संघातून खोडण्यापूर्वी त्याने किती झडपा घातल्या, कोणत्या परिस्थितीत घातल्या, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत काय केले, हे वहीत लिहून ठेवलेले असेल, तर पुष्कळ अन्याय टळतील. अशी वही ठेवावयास खर्च येत नाही. फक्त सातत्य लागते.

आकडा खोटे बोलत नाही असे म्हणतात. ते खरे आहे. पण विचारलेल्या प्रश्नापलीकडे तो एक अक्षरही बोलत नाही, हेही तितकेच खरे. तो न्यायालयातील साक्षीदारासारखा आहे. त्याची साक्ष अवश्य घ्यावी, उलटतपासणीही करावी, आणि निकाल मात्र आपल्या विवेकाने द्यावा. रूपसिंगांच्या नगरीत खेळणाऱ्या पुढच्या पिढीला वडीलधाऱ्यांकडून एवढा न्याय मिळाला, तर तिच्यातील गुणवत्ता वाया जाणार नाही.