एकच खिडकी, दूरचा संगणक

आजचा विषय ऐकायला तांत्रिक वाटेल, पण मुळात तो अधिकाराचा आहे. एक मोठा सामाईक संगणक, त्याला दुरून जोडलेली शेकडो माणसं, आणि प्रत्येकाला त्यावरचा एकच प्रोग्रॅम वापरायची मुभा. बाकीचं यंत्र त्या माणसासाठी जणू नाहीच. ही पद्धत आली कुठून?

एक संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, हे अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांनी १९६१ साली करून दाखवलं. संगणक इतका महाग होता की वाटून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि वाटून घेणं आलं की तंटे आलेच. चाळीतला सामाईक नळ आठवा. एकाच्या चुकीने सगळ्यांचं काम अडू नये, एकाने दुसऱ्याच्या फायली उघडू नयेत, म्हणून पासवर्ड आले, कुंपणं आली.

आपल्याकडे रेल्वेने हे फार मोठ्या प्रमाणावर केलं. १९८५ साली दिल्लीत संगणकीकृत आरक्षणाची सुरुवात झाली, मग मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद. त्याआधीची तऱ्हा माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. गाडीगणिक वेगळं रजिस्टर, म्हणून वेगळी खिडकी आणि वेगळी रांग. रेवसच्या माणसाने लाँचने भाऊचा धक्का गाठायचा, मग त्या रांगेत उभं राहायचं. रजिस्टर बाबूच्या हातात. चार जागा कुणासाठी ‘ठेवून देणं’ त्याला अवघड नव्हतं. संगणक आला आणि कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. बाबूसमोर मात्र उरला फक्त आरक्षणाचा पडदा. प्रवाशाची खिडकी मोठी झाली, बाबूची लहान झाली. त्यात बिघडलं काहीच नाही, असं माझं मत आहे.

ही यंत्रणा व्हीएमएस नावाच्या प्रणालीवर उभी होती. त्या प्रणालीत ‘कॅप्टिव्ह’ खातं अशी एक सोय आहे. कॅप्टिव्ह म्हणजे बंदिवान! लॉगइन केलं की ठरवून दिलेला प्रोग्रॅम सुरू होतो, तो संपला की जोडणीही संपते. मध्ये कुठे थांबून यंत्राला दुसरी आज्ञा द्यावी, तर तशी जागाच मिळत नाही.

आमच्या मीमांसकांना हा प्रकार ओळखीचा वाटला असता. ते ज्याला ‘परिसंख्या’ म्हणतात, तो हाच. पाच नखांच्या प्राण्यांपैकी अमुक पाचच भक्ष्य आहेत, असं शास्त्र सांगतं, तेव्हा ते ‘खा’ म्हणत नसतं. या पाचांखेरीज बाकीचे वर्ज्य, एवढंच त्याला म्हणायचं असतं. निषेधांची यादी करायला बसलात तर ती संपत नाही. त्यापेक्षा एकाच गोष्टीला परवानगी द्यायची.

पण गंमत अशी की, परवानगी दिलेल्या गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट दडलेली असते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. विद्यार्थ्यांना स्वस्तातलं खातं मिळे, पण फक्त मजकुराचं, चित्रं नाहीत. फोन लावायचा आणि दूरच्या युनिक्स संगणकावर जाऊन बसायचं. त्या काळचा लिंक्स हा मजकुराचा ब्राउझर घ्या. त्यात उद्गारचिन्हाची कळ दाबली की माणूस ब्राउझरमधून बाहेर, थेट युनिक्सच्या दारात. व्यवस्थापकाने ती वाट आधी बुजवली नसेल तर. व्हीआय एडिटरमधूनही तसंच बाहेर पडता येतं. म्हणजे चोरवाट प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच ठेवलेली, सोय म्हणून.

पुढे विंडोज आलं. सर्व्हर २००८ पासून ‘रिमोटअ‍ॅप’ आहे: दूरच्या संगणकावरचा एकच प्रोग्रॅम तुमच्या पडद्यावर, जणू तुमच्याच यंत्रावर चाललेला. दिसायला एकच खिडकी. पण त्या प्रोग्रॅममध्ये ‘फाइल उघडा’ म्हटलं की जी चौकट येते, तिच्यात सर्व्हरचे फोल्डर डोकावू शकतात. खिडकी लहान केली म्हणजे भिंत उभी राहिली असं होत नाही. फायलींचे आणि खात्याचे अधिकार वेगळे बांधावे लागतात. हे काम कंटाळवाणं, म्हणून पुष्कळ ठिकाणी राहून जातं.

इथवर आपण यंत्राला माणसापासून वाचवत होतो. आता काउंटरच्या अलीकडे या. रेवसच्या एखाद्या कोळीणबाईचं नाव पासबुकात एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं असतं. काउंटरवरचा मुलगा तिला चांगला ओळखतो. पण तो म्हणतो, ‘मावशी, सिस्टीम घेत नाही.’ तो खोटं बोलत नाही. त्याच्या खिडकीत ते दुरुस्त करायला चौकटच दिलेली नाही. बंधन घातलं कर्मचाऱ्यावर. ताटकळते ती, जिने कधी लॉगइनसुद्धा केलेलं नाही.

मी रजिस्टरकडे परत चला म्हणत नाही. रजिस्टरचे दिवस मी पाहिलेत. पण जिथे एकच खिडकी द्यायची, तिथे जास्त अधिकाराचं दुसरं खातं असलेला माणूस मावशीला गाठता येईल अशा अंतरावर बसवायला हवा. तो तिथेच बसतो, अलिबागला बसतो की मुंबईला, हे सर्व्हर बसवणारा ठरवत नाही, आणि निविदा काढणाऱ्यालाही ते सहसा विचारलं जात नाही. मावशीने मात्र त्या हिशेबाने एसटीचं नाहीतर लाँचचं वेळापत्रक पाहायचं.