समजा, सात

एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर ती राशी कोणती? आहमोस नावाच्या इजिप्शियन लेखनिकाने हे कोडे पपायरसवर उतरवून घेतले, त्याला साडेतीन हजार वर्षे होऊन गेली. आपण एका जुन्या लेखावरून नक्कल करत आहोत, असे तो स्वतःच नमूद करतो. तेव्हा कोडे त्याच्याही आधीचे. अलेक्झांडर ऱ्हाइंड या स्कॉटिश गृहस्थाने १८५८ साली लक्सरला ती गुंडाळी विकत घेतली आणि पुढे ती ब्रिटिश म्युझियममध्ये गेली.

शाळेतले पोर इथे ‘क्ष मानू’ म्हणून मोकळे होईल. आहमोसपाशी क्ष नव्हता. त्याने सरळ ७ धरले. सातच का, तर सातवा भाग बिनकटकटीचा निघावा म्हणून. ७ आणि १ मिळून ८. हवे होते १९. उत्तर चुकले, आणि ते चुकणार हे धरतानाच ठाऊक होते. मग ८ ची किती पट केली की १९ होतात ते त्याने काढले: सव्वादोन आणि वर एक अष्टमांश. सातची तेवढीच पट केली की साडेसोळा आणि एक अष्टमांश. कोडे सुटले.

बीजगणिताची वंशावळ सांगणारे बहुधा नवव्या शतकातल्या बगदादपासून, अल्-ख्वारिझ्मीपासून आरंभ करतात. समीकरणांच्या शास्त्राबद्दल ते ठीक आहे. पण कोडे सोडवण्याचे मूळ पाहायचे तर या जाणूनबुजून धरलेल्या चुकीच्या संख्येपाशी जावे लागते.

तीच युक्ती आपल्याकडेही सापडते. पेशावरच्या बाजूला, मर्दानजवळच्या बख्शाली गावी १८८१ साली जमिनीत भूर्जपत्रांची एक पोथी निघाली. सध्या ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे आणि तिच्या वयावरून विद्वानांची भांडणे अजून मिटलेली नाहीत. तिच्यातले एक उदाहरण असे: चौघांनी दान दिले, दुसऱ्याने पहिल्याच्या दुप्पट, तिसऱ्याने दुसऱ्याच्या तिप्पट, चौथ्याने तिसऱ्याच्या चौपट, एकूण १३२. पहिल्याचे किती? या पोथीत ठाऊक नसलेल्या संख्येच्या जागी ठिपका येतो, म्हणजे शून्याचेच चिन्ह. त्या रिकाम्या जागी मनाला येईल ती संख्या ठेवायची. १ ठेवला तर १, २, ६, २४ मिळून ३३. १३२ म्हणजे ३३ ची चौपट, म्हणून पहिल्याचे दान ४.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत या रीतीला इष्टकर्म म्हटले. त्यांचे कमळांचे उदाहरण पाहा. कमळांच्या राशीतला तिसरा भाग शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला वाहिला. उरलेली सहा गुरूंच्या पायाशी. इष्ट ६० धरा. २०, १२, १० आणि १५ गेली, उरली ३. उरायला हवीत ६, म्हणून कमळे १२०. साठ निवडण्यात सगळी खुबी आहे. तीन, चार, पाच, सहा या सगळ्यांनी साठाला भाग जातो. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखावरून कळते की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तिथे मठ काढला होता. हा लेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. खानदेशातल्या त्या मठात ही कमळे अनेकदा मोजली गेली असणार.

पण ही रीत एका जागी अडते. भास्कराचार्यांच्याच बीजगणित या ग्रंथात घोड्यांचे कोडे आहे. एकाजवळ ३०० रूपे आणि ६ घोडे. दुसऱ्याजवळ तसेच १० घोडे, पण डोक्यावर १०० चे कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी. घोड्याची किंमत काय? १० धरली तर एकाचे ३६० आणि दुसऱ्याचे शून्य. २० धरली तर ४२० आणि १००. किंमत दुप्पट केली तरी मालमत्ता दुप्पट होत नाही, कारण ते तीनशे आणि ते कर्ज जागचे हलत नाहीत. पटीचा हिशेब इथे खुंटतो.

यातून वाटा दोन निघाल्या. अरबी गणितींनी एकाऐवजी दोन चुका केल्या. १० धरले तर तफावत ३६०, ५० धरले तर २००. चाळीस वाढवल्यावर तफावत १६० ने घटली, म्हणजे एकाला चार. उरलेले २०० संपवायला आणखी ५० हवेत; किंमत १००. पिसाच्या लिओनार्दोने १२०२ च्या आपल्या ग्रंथात या रीतीला अख्खे प्रकरण दिले.

दुसरी वाट भारतीय. संख्या धरायचीच नाही, तिला नाव द्यायचे. पहिल्या अज्ञाताला यावत्तावत्, पुढच्यांना कालक, नीलक, पीतक असे रंग. लिहिताना या, का, नी, पी. ब्रह्मगुप्ताच्या ६२८ मधल्या ग्रंथातही हे रंग आहेतच. आता सहा या आणि ३०० बरोबर दहा या उणे १००. चार या म्हणजे ४००. अंदाज नाही, तफावत नाही. युरोपात व्हिएतने १५९१ मध्ये अक्षरे आणली, देकार्तने १६३७ मध्ये वर्णमालेच्या शेवटची अक्षरे अज्ञातांना दिली, आणि मराठी पाठ्यपुस्तकांत त्यांचे क्ष आणि य झाले.

अक्षर आल्यावर धरलेली संख्या मोडीत निघाली असे समजतात. स्पर्धा परीक्षेला बसणारी मुले चार पर्याय एकेक घालून पाहतात, ते मात्र इष्टकर्म नव्हे. ती निव्वळ चाचपणी. खरे इष्टकर्म शेकडेवारीच्या धड्यात आहे. दुकानदाराने किंमत २५ टक्के चढवून लावली, मग १० टक्के सूट देऊन वस्तू ९०० रुपयांना विकली, खरेदी किती? गुरुजी सांगतात, ‘खरेदी १०० धरा.’ छापील १२५, सूट साडेबारा, विक्री साडेबाराआगळे शंभर. नऊशे म्हणजे त्याची आठपट, तेव्हा खरेदी ८००.