टांझानाइट : कोंदण आणि सोबतीचे खडे

टांझानाइट हे झॉयसाइट या कॅल्शियम-ॲल्युमिनियम सिलिकेट खनिजाचे निळे-जांभळे रत्नरूप होय. हा रंग मुख्यतः व्हॅनेडियममुळे येतो. दागिन्याच्या तोलाचे टांझानाइट जगात एकाच ठिकाणी, उत्तर टांझानियातील मेरेलानी टेकड्यांत सापडते. १९६७ साली त्याच्या खाणहक्काची नोंद केली ती मॅन्युएल डिसूझा यांनी. ते मूळचे गोव्याचे, आरुषा येथे राहणारे, व्यवसायाने शिंपी. सोन्याचा शोध हा त्यांचा छंद. टांझानियाच्या सरकारने मात्र २०१८ मध्ये या रत्नाचे शोधक म्हणून जुमाने न्गोमा यांचा गौरव केला. ‘टांझानाइट’ हे नाव १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीने दिले. खाणीतून निघणारा कच्चा खडा बहुधा तपकिरी असतो. तो साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की निळा होतो आणि तो निळेपणा टिकतो.

दागिना करायला घेताना नक्षीच्या आधी या खड्याचा नाजूकपणा पाहावा. त्याची कठिनता सुमारे ६.५ आहे, नीलमाची ९. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात आणि त्यांची कठिनता ७. म्हणजे अंगठीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली, तरी खड्याच्या पैलूंवर हळूहळू ओरखडे उमटतात. शिवाय एका ठरावीक दिशेने सरळ फुटण्याची, म्हणजे पाटनाची, प्रवृत्ती या खड्यात आहे आणि तापमानातला अचानक बदलही त्याला सोसत नाही. त्यामुळे लटकन आणि कानातले हीच त्याची उत्तम जागा. अंगठी हवीच असेल तर खड्याच्या चारही बाजूंनी सोन्याची पट्टी वळवलेले कोंदण घ्यावे आणि खडा शक्य तितका खाली बसवावा. चार नख्यांवर उंच उचललेला टांझानाइट दुकानाच्या दिव्याखाली देखणा दिसतो खरा, पण रोज ओट्यापाशी काम करणाऱ्या हातात तो फार काळ धड राहत नाही. टोकदार आकाराच्या खड्याची टोके तर झाकलेलीच हवीत, कारण कपची उडते ती तिथूनच.

कोंदणाची पाठ उघडी असावी. बंद पाठीच्या कुंदनकामात हा खडा घालू नये, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. खालून उजेड मिळाला नाही की गडद खडा काळवंडतो आणि मागे साचलेला मळही काढता येत नाही.

टांझानाइट त्रिवर्णी आहे : स्फटिक फिरवला की वेगवेगळ्या दिशांनी निळा, जांभळा आणि (न तापवलेल्या खड्यात) तपकिरी रंग दिसतो. निळा रंग वर आणायचा तर पैलू पाडताना पुष्कळदा जास्त वजन वाया जाते, म्हणून बाजारात जांभळट खडे अधिक आढळतात. खडा आधी खिडकीशी धरावा, मग पिवळ्या बल्बखाली न्यावा. खिडकीशी निळा वाटलेला खडा बल्बखाली जांभळ्याकडे झुकतो. सोबतीचे खडे निवडण्यापूर्वी एवढे तरी करावेच. दागिना रात्रीच्या समारंभात घालायचा असेल, तर जोड बल्बखालच्या रंगाशी जुळवायची.

सोबतीला सर्वांत निर्धोक म्हणजे लहान पांढरे हिरे, तेही पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये. त्यांनी निळा उठून दिसतो. पिवळ्या सोन्यात जांभळी झाक अधिक ऊबदार वाटते आणि आपल्याकडच्या साडीवर ती शोभतेही. मोत्यांची जोडही सुरेख दिसते, पण मोती टांझानाइटपेक्षाही मऊ असल्याने ती हारात आणि कानात ठेवावी, अंगठीत नको. मेरेलानीच्याच परिसरात सापडणारा हिरवा त्सावोराइट ही खरी देशबंधूची जोड. एखाददुसरा छोटा खडा पुरतो, जास्त झाले की हिरवा रंगच दागिना बळकावतो. गडद नीलम शेजारी ठेवू नये, त्याच्यापुढे टांझानाइट फिका पडतो. ॲमेथिस्टही टाळावा, दोन जांभळे एकमेकांत मिसळून दोन्ही मळकट दिसतात.

अंगठीचे माप बदलताना किंवा डाग देताना खडा आधी काढून घ्यायला कारागिराला बजावून सांगावे. ज्योतीच्या उष्णतेने तडकलेला खडा सांधता येत नाही. सफाईसाठी कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरतो. वाफेचे किंवा अल्ट्रासॉनिक यंत्र वापरू देऊ नये. ठेवताना वेगळी मऊ पिशवी असावी, कारण डब्यात शेजारी असलेला हिरा या खड्यावर सहज ओरखडा काढतो.