करारातील ‘चूक’ : व्यवहार मुळातच रद्द केव्हा ठरतो?

नवी दिल्ली : जमिनीचा सौदा ठरला, इसाराची रक्कमही दिली गेली, मात्र दर बिघ्यामागे की कनालामागे, याबाबत उभय पक्षांची समजूत जुळलेलीच नव्हती. पंजाबमधील पतियाळा जिल्ह्यातील शेतजमिनीच्या अशा वादावर सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये निकाल दिला. करार कायद्यातील ‘चूक’ ही संकल्पना त्यातून स्पष्ट होते.

मे १९८८ मध्ये झालेल्या या व्यवहारात खरेदीदाराने ७७ हजार रुपये इसार दिला होता. व्यवहार मोडल्यावर करारातील अटीनुसार ही रक्कम जप्त करण्याचा हक्क विक्रेत्याने सांगितला. परंतु क्षेत्रफळ व किंमत या मूलभूत बाबींविषयीच दोन्ही पक्ष गैरसमजात असल्याने करार आरंभापासूनच रद्दबातल आहे आणि त्यातील जप्तीची अटही टिकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. इसार परत करण्याचा आदेश कायम राहिला.

या निर्णयाचा आधार भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम २० हा आहे. करारासाठी अत्यावश्यक असलेल्या वस्तुस्थितीबाबत दोन्ही पक्षांची चूक झाली असेल, तर करार रद्दबातल ठरतो. इंग्लंडहून मुंबईकडे येणाऱ्या जहाजावरील मालाचा सौदा झाला, पण जहाज त्यापूर्वीच बुडाले होते आणि हे कोणालाच ठाऊक नव्हते, असे उदाहरण खुद्द कायद्यात दिले आहे. अशा करारापोटी मिळालेला लाभ कलम ६५ नुसार परत करावा लागतो.

मात्र प्रत्येक चुकीला हे संरक्षण नाही. वस्तूच्या मूल्याचा अंदाज चुकणे ही वस्तुस्थितीची चूक मानली जात नाही. त्यामुळे सौदा महाग पडला म्हणून तो रद्द होत नाही. केवळ एकाच पक्षाची चूक असल्यास, तेवढ्या कारणावरून कलम २२ नुसार करारातून बाहेर पडता येत नाही. भारतात लागू असलेला कायदा माहीत नव्हता, ही सबबही कलम २१ नुसार चालत नाही. परदेशी कायद्याबाबतची चूक मात्र वस्तुस्थितीच्या चुकीसारखी धरली जाते.

करार योग्य असून केवळ दस्तऐवजात दोघांच्या चुकीने वेगळाच मजकूर लिहिला गेला असेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ अन्वये न्यायालयाकडून दुरुस्ती मागता येते.

राजधानी परिसरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. दिल्लीत बिघा-बिस्वा, शेजारच्या हरियाणात कनाल-मरला आणि घरांच्या बाजारात गज किंवा चौरस फूट, अशी मापे एकाच वेळी प्रचलित आहेत; शिवाय बिघ्याचे माप प्रदेशागणिक बदलते. म्हणूनच साठेखतात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, दर कोणत्या एककामागे आहे ते आणि एकूण किंमत अक्षरी नमूद करणे दोन्ही पक्षांच्या हिताचे ठरते.