रटलंडचा मजूर
इंग्लंडात जन्ममृत्यूंची सरकारी नोंद 1837 साली सुरू झाली, आणि त्या दप्तरांच्या आधारे एडविन चॅडविक यांनी 1842 च्या आपल्या अहवालात जे तक्ते मांडले, त्यांत रटलंड या शेतीप्रधान परगण्यातील मजुराचे मृत्युसमयीचे सरासरी वय 38, तर लिव्हरपूलमधील सधन गृहस्थाचे अवघे 35 भरले. म्हणजे संपत्तीहूनही स्थळ बलवत्तर ठरले. त्याच लिव्हरपुलात मजुराचा आकडा 15 होता! कोंदट तळघरांतील वस्ती, तुंबलेली गटारे आणि दूषित पाणी यांनी पाळण्यातूनच हिरावून नेलेली अगणित अर्भके त्या आकड्यात सामावलेली आहेत, हे विसरून तो वाचणे मला निष्ठुरपणाचे वाटते. पुढे 1848 च्या कायद्याने, जेथे मृत्यूंचे दरहजारी प्रमाण 23 हून अधिक असेल तेथे, करदात्यांचा अर्ज नसतानाही स्थानिक आरोग्यमंडळ स्थापण्याची वाट मोकळी झाली.